कोणी केली, माहीत नाही

सातारा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. राणीस, दादाचा आशीर्वाद.

आई तासगावला सुखरूप पोचली असं नाथाजी दाजींनी वैजयंताला कळवलं. तुझा फोन मात्र लागत नाही. एकदा वाजतो आणि बंद पडतो. आत्यानं तुमचा नंबर अडवून ठेवलाय, असं तेजल म्हणते. तसं नसेल असं मी धरून चालतो. पण आठवडा झाला, म्हणून हे पत्र. मराठीच्या मास्तरला दुसरं काय सुचणार!

आधी कामाचं. आईच्या उजव्या डोळ्यात अजून तीन आठवडे औषध घालायचं आहे, दिवसातून चार वेळा, हात स्वच्छ धुऊन. हिरव्या टोपणाची बाटली तिच्या पिशवीत आहे. वाकून काम करू द्यायचं नाही. काळा चष्मा उन्हात काढू द्यायचा नाही. आणि तुझ्याबरोबर बेदाण्याच्या शेडवर तिला अजिबात नेऊ नकोस. तिथली धूळ आणि गंधकाचा धूर डोळ्याला वाईट.

आता ती अशी अचानक का निघून आली, ते. तुझ्या कानावर काही उलटसुलट जाण्याआधी मीच सांगतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव यांच्या बंगल्यात दर महिन्याला गाण्याची बैठक असते. चाळीसेक माणसं, गाद्या टाकलेल्या, माइक नाही, समोर बसून ऐकायचं. पंचवीस जानेवारीला लोकगीतांची बैठक होती. हंबीररावांनी स्वतः सांगितलं, मास्तर, सहकुटुंब या. आम्ही चौघं मिळून कुठं जातच नाही. ऑपरेशन होऊन आईला आठ दिवस झाले होते, तिलाही बरं वाटेल म्हणून घेऊन गेलो. वैजयंतानं तिला स्वतःची नवी शाल दिली. जाताना रिक्षात आई खूश होती.

तिथं एका गाण्याला आईला भरून आलं आणि ती मध्येच मोठ्यानं बोलली. ऑपरेशनपासून तिची झोप नीट नव्हतीच. थोडा गोंधळ झाला. मी वेळ निभावून नेली. तेवढ्याचा तिला राग आला असावा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो, परत येतो तर ही एस.टी. धरून निघूनही गेली. वैजयंता स्टँडवर सोडायला गेली होती, पण तिलाही काही बोलली नाही म्हणे.

म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात. तू समजूत काढ. आणि फोन उचल.

तुझा,
धनाजीदादा


सातारा,
१२ फेब्रुवारी

राणी,

तेजलनं तुला फोन करून सगळं सांगितलं, हे तिनंच मला काल सांगितलं. लपवलं नाही. जेवताना ताटावर म्हणाली, "मी आत्याला खरं सांगितलंय, पप्पा." वैजयंता खाली मान घालून भात कालवत राहिली.

तेव्हा आता नीट लिहितो.

गाणाऱ्या बाई सांगलीच्या, विश्रामबागेतल्या. कीर्ती त्यांचं नाव. बरोबर एक पेटीवाला आणि एक ढोलकीवाला, बस्स. आवाज गोड. आईला खाली बसता येत नव्हतं म्हणून मागं भिंतीशी खुर्ची दिली होती. तेजल तिच्या पायाशी बसलेली. मी पुढं, हंबीररावांच्या शेजारी.

तीन-चार गाणी झाल्यावर कीर्तीबाई म्हणाल्या, "आता एक अंगाई. मेंढपाळ बायकांची आहे, शंभर-दोनशे वर्षांची असेल. कोणी केली, माहीत नाही." आणि हसत-हसत, हातानं पाळण्याला झोका दिल्यासारखं करत त्यांनी म्हटलं:

हळू चला गं मेंढ्यांनू, वाजवू नका पाय
बांधाच्या कडेला, बाळ माझं निजलं हाय

मागून आईचा आवाज आला. "आगं बाय, ह्यी तर माजी."

लोक वळून बघायला लागले. कीर्तीबाई थांबल्या आणि फार आदरानं म्हणाल्या, "हो आजी, तुमचीच. तुम्हा सगळ्यांचीच आहे ही." लोकांना ते आवडलं. टाळ्या पडल्या.

आई उठून उभी राहिली. "सगळ्यांची न्हवं. मी केल्याली हाय. माज्या बिरूची हाय. पाळण्यातली न्हाई ती."

ढोलकीवाला उगाच दोऱ्या ओढत बसला. आणि आई म्हणाली, "ह्या धनाला इचारा की. त्याला म्हाईत हाय."

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती, राणी. शेजारी हंबीरराव. जूनमध्ये आमचे मुख्याध्यापक निवृत्त होतायत आणि त्या जागेवर कोणाला घ्यायचं ते हाच माणूस ठरवणार. मी म्हणालो, "अलीकडं आईचं जरा असं होतं. वय झालंय. कशाला काहीही जोडते." वर हसलो. लोकही हसले. वाईट हसले नाहीत, आपल्या घरच्या म्हाताऱ्या आठवून हसतात तसं. हंबीरराव म्हणाले, "असू दे हो मास्तर, आमच्या मातोश्रींचंही तसंच होतं." तेजलनं आजीला हाताला धरून खाली बसवलं, आणि कीर्तीबाईंनी गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

एवढंच झालं. चुकलं माझं. पण तू एक लक्षात घे. चाल बदललेली, शब्द बदललेले, कीर्तीबाईंच्या तोंडून ऐकलेली ती ओवी मला पहिल्यांदा ओळखूच आली नाही. माझा खरोखर गोंधळ झाला. तू तिथं असतीस तर तुझाही झाला असता.

तेजल माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा तिनं विचारलं, "आजी खोटं बोलली का?"

"नाही."

"मग कोण बोललं?"

मी पेपर तपासत होतो. तपासत राहिलो.

धनाजी


सातारा,
२३ फेब्रुवारी

राणी,

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असंही आता वाटत नाही. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आहे आणि ते टपालात टाकल्यापासून मला चैन नाही.

ओवी मला ओळखू आली नाही, हे खोटं. पहिल्या ओळीला ओळखू आली. गाणं सुरू व्हायच्याही आधी, "कोणी केली, माहीत नाही" हे शब्द आले तेव्हाच काय येणार ते मला कळलं होतं. कारण ते शब्द माझे होते.

शब्द बदलले होते, ते मीच बदललेले होते.

तुला ठाऊक नसलेलं सांगतो. शहाण्णव साली मी सांगलीला बी.ए.ला होतो, वसतिगृहात. आम्हाला जवाहर सर मराठी शिकवायचे. जैनांच्या मोठ्या घरातला माणूस, पण पोरांत पोर होऊन बसायचा. त्यांनी प्रत्येकाला आपल्या भागातलं एक गाणं लिहून आणायला सांगितलं. पोरं जात्यावरची आणायला लागली, कोणी भोंडल्याची. माझ्याकडं आईची ओवी होती. दुसरं काही आठवावं लागलंच नाही.

पण खोलीवरच्या पोरांना मी सांगितलं होतं, आमची वीस एकर शेती आहे म्हणून. मेंढरांमागं हिंडलो, पालावर झोपलो, हे कोणाला ठाऊक नव्हतं. ओवी आईची म्हणून लिहिली असती तर बिरू कोण, बांधाला का निजला, तुम्ही तिथं काय करत होता, हे सगळं निघालं असतं. म्हणून मी 'माजा बिरू' खोडलं आणि 'बाळ माझं' केलं. पुढचं एक कडवं गाळलं. वर मथळा दिला: अंगाई. खाली लिहिलं: म्हणणाऱ्या, वृद्ध मेंढपाळ स्त्रिया. रचना कोणाची, माहीत नाही.

सरांना फार आवडली. वर्गात वाचून दाखवली. मला म्हणून दाखवायला लावली, तर मी रडण्याची चाल मोडून झोका दिल्यासारखी म्हटली. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझं नाव छापून आलं. तो अंक मी गावी नेला नाही.

कीर्तीबाई जवाहर सरांची मुलगी. बापाच्या संग्रहातून ती गाते.

आता बिरूचं. तुला आईनं सांगितलं असेल, पण ती सांगते ते दोन वाक्यांत. मी पाहिलंय ते लिहितो, कारण आईशिवाय पाहिलेला आता मीच एकटा उरलोय. तू पोटात होतीस. बिरू तीन वर्षांचा, मी सात. मेंढरं घेऊन आम्ही कृष्णाकाठाला उतरलो होतो. बिरूला दोन दिवस ताप होता. आबा त्याला खांद्यावर टाकून पुढच्या गावच्या डॉक्टरकडं गेले, आणि संध्याकाळी तसेच खांद्यावर घेऊन परत आले. कसे चालत आले ते आठवतं मला. त्याला झोप मोडू नये अशा बेतानं पाय टाकत होते.

ज्याच्या रानात आमचं पाल होतं तो माणूस बांधाच्या कडेला पुरायला हो म्हणाला, पण वर काही मांडू नका म्हणाला, कुळवाच्या पाळीला आडवं येतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाल उठलं. उठावंच लागतं, मेंढरं थांबत नाहीत. आबा पुढं. मी एक कोकरू उचललेलं. आई मागं. त्या बांधाशी कळप आला आणि दोनशे मेंढरांच्या खुरांचा आवाज झाला, तशी आई मेंढरांवर ओरडली, "हळू चला गं!" मग तेच पुन्हा म्हणाली. मग चालीवर म्हणाली. पांदीच्या वाटेच्या तोंडाशी पोचेपर्यंत पहिलं कडवं झालं होतं.

ती ओवी होताना मी कानांनी ऐकली आहे, राणी. आणि "कोणी केली, माहीत नाही" हे मी सहीनिशी लिहून दिलं.

अजून एक. आईनं त्या बैठकीत काळा चष्मा काढला होता. मी बोललो त्यानंतर. काढून माझ्याकडं नीट बघितलं, आणि पुन्हा घातला. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

धनाजी


सातारा,
११ मार्च

राणी,

रविवारी सांगलीला जाऊन आलो. घरात सांगितलं नाही. विश्रामबागेत सरांचं घर शोधायला अर्धा तास लागला, सगळीकडं आता उंच इमारती झाल्यात. सर ऐंशीच्या पुढं गेलेत. ऐकू कमी येतं, पण मला पाहिल्याबरोबर नावानं हाक मारली. म्हणाले, "धनाजी, तुझी अंगाई कीर्ती सगळीकडं गाते." ते ऐकून परत फिरावंसं वाटलं.

सगळं सांगितलं. सरांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. मी आईचं नाव लपवलं, सर. बिरू माझा भाऊ होता, सर. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली होती. अशा गोष्टी हळू आवाजात कबूल करता येतात असं मला वाटलं होतं.

सरांनी मला कपाटातून गाण्यांच्या संग्रहाची जुनी वही काढायला लावली. माझं अक्षर. सरांनी त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं. एकदा वर्गात आणि एकदा इथं, याच खोलीत. खरंच कोणी केली माहीत नाही का, म्हणून."

"आठवतंय सर."

"मला तेव्हाच शंका आली होती. इतकं ताजं दुःख जुन्या गाण्यात नसतं. पण मलाही ती अंगाईच बरी वाटली. मुलांना शिकवायला सोपी."

कीर्तीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, ते माझ्या ध्यानात नव्हतं. त्या आत येऊन खाली बसल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं मी ते हसत म्हणते आहे. आणि त्या दिवशी आजी उभ्या राहून सांगत होत्या, तर मी त्यांच्यावर टाळ्या घेतल्या."

"तुमचा काय दोष?" मी म्हणालो.

"तुम्ही म्हणालात तेच मला सोयीचं वाटलं ना. म्हातारीला भ्रम झालाय, हे ऐकून मला हायसं वाटलं होतं."

आजीनं हो म्हटल्याशिवाय ती ओवी आता गाणार नाही असं त्यांनी सांगितलं. एक ध्वनिफीत निघायची होती, त्यातूनही ती काढली. तासगावला येऊन आईच्या पाया पडते म्हणत होत्या. मी म्हटलं, आत्ता नको, आधी मला जाऊ दे. गाळलेलं कडवं त्यांनी विचारलं. मी वहीत लिहून दिलं:

लिंबाच्या उगवतीला, पांदीच्या वळणाला
चार धोंडं मांडलं मी, वळखीच्या कारणाला

याच्यापुढं अजून एक कडवं होतं. खूप आठवून बघितलं. परत येताना कराडपर्यंत आठवत होतो. आलं नाही. ते आता फक्त आईकडं आहे.

निघताना सरांनी वही माझ्यापुढं केली आणि म्हणाले, "ती ओळ तू खोड. मी खोडणार नाही." मी 'माहीत नाही' वर रेघ मारली आणि आईचं नाव लिहिलं. हरणाबाई.

धनाजी


सातारा,
३० मार्च, गुढीपाडवा

राणी,

तुझं कार्ड परवा मिळालं. तीन ओळींचं. पुन्हा-पुन्हा वाचलं.

"तुजी सगळी पत्रं आयला वाचून दावली. आय म्हनती, गान्याचं ऱ्हाऊ दे. मला येडी का म्हनलास, एवडंच सांग."

उत्तर द्यायच्या आधी काल काय झालं ते लिहितो. काल हंबीररावांकडं पुन्हा बैठक होती. मी आदल्या दिवशी जाऊन त्यांना सांगितलं की मला चार वाक्यं बोलायची आहेत, आणि काय बोलायचं आहे तेही सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावत ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तर, घरातली गोष्ट घरात ठेवावी. कशाला उगाळता?" मी म्हटलं, घरातली गोष्ट तुमच्याच दिवाणखान्यात मोडली. मग म्हणाले, बोला.

वैजयंता आणि तेजल दोघी आल्या होत्या. तेजल स्वतःहून त्याच खुर्चीपाशी जाऊन बसली. मी उभा राहिलो. जानेवारीत इथं माझी आई 'ही ओवी माझी' असं म्हणाली, ते खरं होतं. ओवी माझ्या मेलेल्या भावाची आहे. मी कॉलेजात असताना आईचं नाव खोडलं. त्या दिवशी मला सगळं माहीत होतं. आईला भ्रम झालेला नाही. मी खोटं बोललो. एवढंच बोललो.

आणि काय झालं असेल? काही नाही. कोणी तरी म्हणालं, "अहो, त्यात काय एवढं!" एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती प्रामाणिक आहात हो तुम्ही." हंबीररावांनी पाठीवर हात ठेवला. चहा आला. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं, बोललो की कोणीतरी काहीतरी बोलेल, मान खाली घालून ऐकून घेईन आणि ओझं उतरेल. लोकांनी ते आधीच विसरून टाकलं होतं. वर मला चांगला म्हणायला लागले. मुख्याध्यापकाच्या जागेचं पत्रही बहुतेक मलाच मिळेल, असं आज सकाळी क्लार्कनं सांगितलं. पेढे आणू नकोस असं मी वैजयंताला सांगितलंय.

घरी येताना तेजल माझ्याबरोबर चालत होती. बोलली नाही, पण बरोबर चालत होती.

आता आईच्या प्रश्नाचं. पुढचं तिला वाचून दाखव, आणि मला वाईट वाटेल म्हणून त्यातलं एक अक्षर गाळू नकोस. गाळायची सवय मला आहे, तुला नको.

आये,

तुला येडी म्हणालो कारण मला तुझी लाज वाटली. हंबीररावांची भीती होती, नोकरीचा लोभ होता, पण ते नंतरचं. आधी लाज. तू उठून उभी राहिलीस तेव्हा तुझी शाल खांद्यावरून घसरली, आणि तू आपल्या बोलीत, रानात हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं बोललीस. मला तू काय म्हणतेस ते ऐकू आलं नाही, कशी म्हणतेस तेवढंच ऐकू आलं. चाळीस माणसांना कळलं की मास्तर कुठला, असं वाटलं. तीस वर्षं मी जे झाकत आलो ते तू एका वाक्यात उघडं केलंस, आणि ते वाईट नव्हतंच, ते आपलं घर होतं.

कॉलेजला असताना तू एकदा वसतिगृहावर आली होतीस, डबा घेऊन. मी पोरांना सांगितलं, आमच्या रानातली कामाची बाई आहे. तू फाटकाबाहेर होतीस, तुला ऐकू गेलं नसावं. गेलं असेल तर आता खोटं बोलून उपयोग नाही. म्हणालो होतो.

तू येडी नाहीस. तुझ्याइतकं शहाणं आपल्या घरात कोणी झालं नाही. आणि माफ कर असं मी लिहीत नाही, कारण लिहिलं की तुला काहीतरी बोलावं लागेल. तू बोलू नकोस. मी चैत्र संपायच्या आत येतो. दारातून परत पाठवलंस तर जाईन.

धना


सातारा,
१५ एप्रिल

राणी,

रविवारी मी आलो तेव्हा तू आणि दाजी माल घेऊन मार्केटला गेला होता. तू परत येईपर्यंत माझी गाडी निघाली. काय झालं ते आईनं तुला सांगितलं असेल की नाही, ठाऊक नाही. ती सांगणार नाही असंच वाटतं. म्हणून लिहितो. यात मी काही वाढवलेलं नाही.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, म्हातारी शेडवर आहे. मी चालत शेडवर गेलो. दहा-बारा बायका फरशीवर गोल करून बेदाणा निवडत होत्या. आई त्यांच्यात, चष्मा नाही, पाय पसरून. बोटं भराभर चालत होती. मी पायातले बूट काढून दाराशी उभा राहिलो. तिनं वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं.

मी बराच वेळ तसाच उभा होतो. ऊन पाठीवर येत होतं. शेवटी तिनं एक रिकामं पोतं पायानं माझ्याकडं सरकवलं. मी त्यावर बसलो. तिनं बेदाण्याचा एक ढीग माझ्यापुढं लोटला. काड्या एका बाजूला, काळा दाणा एका बाजूला. मी निवडायला लागलो.

बराच वेळ गेल्यावर, मान वर न करता ती म्हणाली, "डोळा बरा हाय."

"हां."

"ती पोरगी आलती. सांगलीची."

मला हे माहीत नव्हतं. कीर्तीबाई माझं न ऐकता येऊन गेल्या म्हणजे. "काय म्हणाली?"

"रडली. मी म्हनलं, रडू नगं. गा म्हनलं. पर गाताना हसू नगं. आन् बिरूचं नाव घे म्हनलं, म्हंजी झालं."

"आणि तिसरं कडवं? ते दिलंस तिला?"

आईची बोटं थांबली. "ते न्हाई दिलं. ते माजं हाय."

मी पुढं विचारलं नाही. तू ते ऐकलं असशील, तर मला सांगू नकोस.

मग समोर बसलेली एक बाई माझ्याकडं बघून आईला म्हणाली, "हरणाक्का, ह्ये सायेब कोन म्हनायचं? कंपनीचं हायती का?" माझा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाकीच्या बायकाही बघायला लागल्या.

राणी, त्या क्षणी मी मनातून म्हणत होतो, आये, नाही म्हण. वळख न्हाई म्हण. कोनतरी मास्तर हाय म्हण. म्हणजे फिटेल. खरंच मला तेच हवं होतं. डोकं खाली घालून मी त्याची वाट बघत होतो.

आई म्हणाली, "ह्यो व्हय? ह्यो माजा थोरला."

बायकांनी मान डोलावली. एकीनं विचारलं, "आन् धाकला?"

"धाकला कृष्णाकाठी ऱ्हायला," आई म्हणाली, आणि पुढचा ढीग तिनं माझ्या आणि तिच्या मधे ओढला.

तीनच्या गाडीपर्यंत आम्ही निवडत होतो.

धना